वेल्लोरचा दवाखाना एका खोलीतून कसा उभा राहिला : डॉ. इडा स्कडर यांची गोष्ट

वेल्लोर हे नाव आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी ऐकलेलं असतं. आजार मोठा निघाला, इथल्या डॉक्टरांनी हात टेकले, की गावातलं कुणीतरी हमखास सांगतं, एकदा वेल्लोरला दाखवून बघा. मग जमीन गहाण टाकून म्हणा, पाहुण्यांकडून उसने घेऊन म्हणा, माणसं रेल्वेत बसतात. पण तमिळनाडूतल्या त्या जिल्ह्याच्या गावात एवढा मोठा दवाखाना आला कुठून, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. तो ना कुठल्या राजानं बांधला, ना सरकारनं. एका बाईनं १९०० साली एका खोलीत तो सुरू केला, बायका आणि लेकरांसाठी. त्या बाईचं नाव डॉ. इडा सोफिया स्कडर.

ज्या तालुक्यात आजही लेकरांचा डॉक्टर मिळत नाही, रात्री बाळंतपण अडलं की गाडी शोधत फिरावं लागतं, तिथल्या माणसांनी ही गोष्ट जरूर वाचावी. दवाखाना उभा करायचा म्हणजे नेमकं काय काय करावं लागतं, ते या एका आयुष्यात सगळं दिसतं.

दुष्काळातली पोर

इडा यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० चा, राणीपेटचा. हे गाव वेल्लोरच्या जवळच आहे, तेव्हा मद्रास इलाख्यात होतं. घराणं अमेरिकन, मिशनऱ्यांचं. आजोबा डॉ. जॉन स्कडर १८१९ साली न्यूयॉर्कमधला चालता दवाखाना सोडून जहाजानं इकडं निघाले. आधी श्रीलंकेत आणि नंतर मद्रासला त्यांनी काम केलं. पुढं त्यांची मुलं, नातवंडंही याच कामात पडली. इडाचे वडीलही डॉक्टरच होते. पाच भावांत ही एकटी बहीण.

इडा सहा-सात वर्षांची असताना १८७६ ते ७८ चा मोठा दुष्काळ पडला. हा तोच दुष्काळ, ज्यानं आपल्याकडं सोलापूर, नगर, विजापूर भागात गावंच्या गावं ओस पाडली. मद्रास इलाख्यात तर हाल त्याहून वाईट होते. मिशनच्या आवारात उपाशी लेकरांच्या रांगा लागायच्या. काही लेकरांच्या अंगात हातानं घास तोंडात घालण्याएवढंही बळ उरलेलं नव्हतं. लहानगी इडा पावाचे तुकडे करून त्यांच्या तोंडात घालायची. रस्त्याच्या कडेला पडलेली लेकरं तिनं त्या वयात पाहिली.

नंतर कुटुंब अमेरिकेला गेलं. काही वर्षांनी वडील भारतात परतले, मागून आईही आली. इडा शिक्षणासाठी तिकडंच नातेवाइकांकडं राहिली. आई-बापांशिवाय वाढलेल्या या पोरीच्या मनात एक गोष्ट पक्की बसली होती. भारतात जायचं नाही आणि घराण्याचा धंदा पुढं चालवायचा नाही. अमेरिकेतच शिकायचं, लग्न करायचं, सुखानं राहायचं.

एका रात्रीत तीन

१८९० साली आई आजारी पडली म्हणून इडाला यावं लागलं. आई-वडील तेव्हा मद्रासच्या दक्षिणेला तिंडिवनम इथं होते. आईला बरं वाटलं की परत जायचं, एवढाच तिचा बेत होता.

तिथं एका रात्री दारावर थाप पडली. एक तरुण ब्राह्मण उभा होता. त्याची बायको बाळंतपणात अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. त्याला इडाची मदत हवी होती. इडानं सांगितलं की तिला यातलं काही येत नाही, पण तिचे वडील डॉक्टर आहेत, ते लगेच येतील. तो माणूस तयार झाला नाही. परक्या पुरुषाला बायकोच्या खोलीत नेणं त्याच्या रीतीत बसत नव्हतं. तो तसाच परत गेला.

थोड्या वेळानं एक मुसलमान गृहस्थ आला. गाऱ्हाणं तेच, आणि पुरुष डॉक्टरला नकारही तोच. त्यानंतर तिसरा आला, तोही वरच्या जातीतला हिंदू. तोही डॉक्टरला न घेताच गेला. वडील रात्रभर घरात होते, औषधाची पेटी तयार होती, तरी उपयोग झाला नाही.

सकाळी गावातून मयताच्या ढोलाचा आवाज आला. नोकराकडून चौकशी केली, तेव्हा कळलं की तिन्ही बायका गेल्या.

इडाचं वय तेव्हा वीसच्या आसपास. ती खोलीत बसून राहिली आणि विचार करून बाहेर आली तेव्हा तिनं आई-वडिलांना सांगून टाकलं की डॉक्टर व्हायचं आणि इकडंच परत यायचं. यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डॉक्टर होता, औषध होतं, तरी जीव गेले. कमी होती ती बाई डॉक्टरची. पुढची साठ-सत्तर वर्षं इडा यांनी जे केलं, ते ही कमी भरून काढण्यासाठीच.

आनंदीबाईंच्या कॉलेजात

इडा १८९५ साली फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. हे कॉलेज मराठी माणसाला परकं नाही. आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी याच कॉलेजातून १८८६ साली डॉक्टर झाल्या. म्हणजे इडा यांच्या नऊ वर्षं आधी.

आनंदीबाईंची कहाणीही अशीच सुरू झाली होती. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं. नीट उपचार मिळाले नाहीत, हे त्यांच्या मनाला लागलं आणि त्यातून त्या सातासमुद्रापार गेल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाचं काम त्यांना मिळालं होतं. पण क्षयानं गाठलं आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या वारल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या डोक्यातला दवाखाना डोक्यातच राहिला.

त्या काळी मुंबईत कामा हॉस्पिटल निघालं होतं. डॉ. रखमाबाई १८९५ पासून सुरतेला बायकांचा दवाखाना सांभाळत होत्या. पण ही शहरं. खेड्यातल्या बाईला आणि तिच्या लेकराला सुईण आणि देवऋषी यांच्यापलीकडं कुणी नव्हतं. फक्त लेकरांसाठीचा दवाखाना तर फार पुढची गोष्ट. मुंबईत परळला बाई जेरबाई वाडिया हॉस्पिटल सुरू झालं ते १९२९ साली.

इडा यांनी शेवटचं शिक्षण न्यूयॉर्कच्या कॉर्नेल मेडिकल कॉलेजात घेतलं. तिथं मुलींना नुकताच प्रवेश मिळू लागला होता. १८९९ साली त्या डॉक्टर झाल्या.

दहा हजार डॉलर आणि एक खोली

निघण्याआधी एक काम उरलं होतं. वेल्लोरला बायकांचा दवाखाना बांधायचा तर पैसा अमेरिकेतूनच जमवायचा होता. त्या दारोदार फिरल्या. ऐकून घेणारे पुष्कळ भेटले, देणारे थोडे. जहाज सुटायची वेळ जवळ आली तरी रक्कम काही जमेना.

अशातच त्या न्यूयॉर्कमध्ये एका वयस्कर बाईंकडं गेल्या आणि वेल्लोरची हकिकत सांगितली. त्या बाईंचे मेहुणे रॉबर्ट शेल हे बँकवाले गृहस्थ बाजूच्या खोलीत होते, त्यांच्या कानावर सगळं पडलं. त्यांनी इडा यांना बोलावून घेतलं, बारीकसारीक चौकशी केली आणि दहा हजार डॉलर दिले. त्या वेळच्या हिशोबानं ते साधारण तीस हजार रुपये होतात. त्यांची बायको वारली होती. दवाखान्याला तिचं नाव द्यावं, एवढी त्यांची इच्छा होती. म्हणून दवाखान्याचं नाव मेरी टेबर शेल हॉस्पिटल.

१ जानेवारी १९०० ला इडा वेल्लोरला पोचल्या. सोबत मैत्रीण ॲनी हॅनकॉक होत्या. बेत असा होता की इमारत होईपर्यंत वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यायचा. कॉलेजातून डॉक्टर होऊन आलं तरी हात बसायला वेळ लागतो, हे त्यांना कळत होतं. पण पाच महिन्यांत, मे १९०० मध्ये, वडील कॅन्सरनं गेले. गावात आता त्या एकट्या डॉक्टर राहिल्या.

इमारत नव्हती म्हणून बंगल्यातली एक खोली रिकामी केली. एक खाट टाकली. खिडकीतून औषध द्यायचं. मदतीला नर्स नव्हती, तेव्हा बंगल्यावर काम करणाऱ्या गड्याची बायको सलोमी हिलाच हाताशी धरलं, पट्टी कशी बांधायची, औषध कसं मोजायचं ते शिकवलं.

सुरुवातीला लोक यायला बिचकत होते. गोरी बाई, वयानं लहान, त्यातून मिशनची. औषधात काय घालील, धर्म बाटवील, अशी शंका होतीच. एकाला गुण आला, त्यानं दुसऱ्याला सांगितलं, अशी हळूहळू गर्दी वाढली. ॲनी हॅनकॉक घरोघर जाऊन बायकांशी बोलायच्या, त्याचाही उपयोग झाला. दोन वर्षांत त्या एका खोलीतून पाच हजार रुग्णांवर उपचार झाले.

चाळीस खाटा

१९०२ साली शेल हॉस्पिटल सुरू झालं. खाटा चाळीस. फक्त बायका आणि लेकरांसाठी.

चाळीस खाटा म्हणजे आजच्या मानानं मोठं ग्रामीण रुग्णालय. पण डॉक्टर एकच. ऑपरेशन तिनंच करायचं, भूल कुणी द्यायची ते तिनंच बघायचं, रात्री बाळंतपणाला तिनंच उठायचं आणि हिशोबही तिनंच लिहायचा. बायका यायच्या त्या बहुतेक शेवटच्या घटकेला. दोन-तीन दिवस सुईणीनं खटपट केलेली, अंगात विष भिनलेलं, बाळ पोटातच गेलेलं. लेकरं यायची ती हगवणीनं सुकलेली, डोळे चिकटलेली, देवी आणि कॉलऱ्यानं पोळलेली. आपल्याकडं मेळघाटात लेकराचं पोट फुगलं की तापलेल्या विळ्यानं चटके देतात, डंबा म्हणतात त्याला. तसले जालीम घरगुती उपाय तिथंही होते. आधी त्या उपायाची जखम बरी करायची, मग मूळ दुखणं.

टाकून दिलेली बाळंही दवाखान्यात यायची, बहुतेक मुली. त्यातल्या कित्येकींना इडा यांनी वाढवलं. त्यांनी स्वतः लग्न केलं नाही. आई सोफिया पुढं बरीच वर्षं त्यांच्याजवळ राहिली. लेकरांच्या कामात तिचाही हातभार होता.

रुग्ण येत नाही, तर डॉक्टरनं जायचं

दवाखाना झाला, पण लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. चाळीस खाटा वेल्लोर गावाला पुरतील, भोवतालच्या शेकडो खेड्यांचं काय? बैलगाडीतून दिवसभर हाल काढत येणारी बाई पोचेपर्यंत उशीर झालेला असायचा. मजुरी बुडवून लेकराला कोण आणणार? आणि दुखणं साधं असताना कुणीच यायचं नाही.

१९०६ च्या सुमारास इडा यांनी आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी गुडियात्तमच्या रस्त्यानं जायला सुरुवात केली. ठरलेल्या झाडाखाली गाडी थांबायची. लोक आधीच येऊन बसलेले असायचे. गळवं कापायची, दात काढायचे, डोळ्यांत औषध घालायचं, लेकरांना तपासायचं आणि पुढच्या झाडाकडं निघायचं. गंभीर असेल त्याला गाडीत घालून सोबत आणायचं. महारोग्यांनाही त्या तिथंच तपासायच्या, ज्यांना गावात कुणी जवळ येऊ देत नव्हतं.

१९०९ साली अमेरिकेतून मिळालेल्या मदतीतून एक छोटी फ्रेंच बनावटीची प्यूजो मोटार आली. त्या भागातल्या लोकांनी असलं वाहन पाहिलेलं नव्हतं. धूर आणि आवाज ऐकून माणसं शेतात पळायची. पण महिन्याभरात तीच माणसं गाडीची वाट बघू लागली. आज आपण फिरतं आरोग्य पथक म्हणतो, ते काम वेल्लोरच्या रस्त्यावर शंभर वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. यातली खरी मेख होती ठरलेला दिवस आणि ठरलेलं झाड. डॉक्टर नक्की येणार, हा भरवसा बसला म्हणून लोक आले.

नर्स नाही तर दवाखाना नाही

एकदा इडा स्वतः आजारी पडल्या तर काय, हा प्रश्न होताच. खाटा वाढवता येतात, पण रात्रभर जागून ताप मोजणारं, बाळाला दर दोन तासांनी दूध पाजणारं माणूस कुठून आणायचं? त्या काळी नर्सचं काम हलकं समजत. परक्याचं मलमूत्र काढायचं, कुठल्याही जातीच्या माणसाला हात लावायचा, म्हणून चांगल्या घरच्या मुली येत नसत.

१९०९ साली डेलिया हॉटन या नर्सच्या मदतीनं वेल्लोरला नर्सिंगची शाळा सुरू झाली. शिकून बाहेर पडलेल्या मुलींना पगार मिळू लागला, मान मिळू लागला, तशी पुढच्या मुली आल्या. हीच शाळा पुढं कॉलेज झाली. १९४६ साली देशात नर्सिंगचा पदवी अभ्यासक्रम ज्या दोन ठिकाणी सुरू झाला, त्यातलं एक वेल्लोर होतं, दुसरं दिल्ली.

मुलींचं मेडिकल स्कूल

तरीही हिशोब जुळत नव्हता. एक बाई डॉक्टर किती जणींना पुरणार? परदेशातून डॉक्टर आणून भागणार नव्हतं. इथल्याच मुली डॉक्टर झाल्या पाहिजेत, या निर्णयावर इडा आल्या.

त्या मद्रासच्या सर्जन जनरलकडं गेल्या. कर्नल ब्रायसन हे तेव्हा आरोग्य खात्याचे मोठे साहेब. त्यांनी परवानगी नाकारली नाही, पण या बाईला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याही मुली मिळणार नाहीत, असंच त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात १५१ अर्ज आले. जागा नव्हती म्हणून दीड डझनाच्या आसपास मुली घेतल्या आणि बाकीच्यांना परत पाठवावं लागलं.

१२ ऑगस्ट १९१८ ला शाळा सुरू झाली. भाड्याची घरं, तुटपुंजी पुस्तकं, मोजकं सामान. इडा सकाळी शिकवायच्या, दुपारी ऑपरेशनं करायच्या, रात्री बाळंतपणं. मुलींचं पहिल्या वर्षाचं शिक्षण झालं आणि सरकारी परीक्षेची वेळ आली. इलाख्यातल्या मुलांच्या मेडिकल शाळांतूनही त्याच परीक्षेला विद्यार्थी बसत. पाचांत एक पास झाला तरी बरं, अशी त्या परीक्षेची ख्याती होती. साहेबांनी इडा यांना आधीच सांगून ठेवलं की फार आशा ठेवू नका. निकाल लागला तेव्हा वेल्लोरच्या १४ मुली बसल्या होत्या, त्या सगळ्याच्या सगळ्या पास. १९२२ साली ही पहिली तुकडी डॉक्टर होऊन बाहेर पडली.

ज्या घरांत मुलीला पाचवीपुढं शिकवत नव्हते, अशा काळात या १४ जणी डॉक्टर झाल्या. त्यांना गावोगाव नोकऱ्या मिळाल्या. तिंडिवनमसारख्या गावात रात्री दार वाजलं तर आता उठून जाणारी बाई डॉक्टर असू शकत होती.

शाळा वाढली तशी जागा अपुरी पडू लागली. अमेरिकेत ल्युसी पीबॉडी या बाईंनी आशियातल्या मुलींच्या कॉलेजांसाठी मोठी वर्गणी काढली. लोकांकडून वीस लाख डॉलर जमले तर रॉकफेलर घराण्याच्या निधीतून दहा लाख मिळणार, अशी अट होती. बायकांनी घरोघर फिरून, छोट्या छोट्या रकमा घेऊन ते वीस लाख जमवले. त्यात वेल्लोरचाही वाटा होता. गावातल्या तोट्टपाळयम भागात नवं मोठं हॉस्पिटल झालं. १९२८ साली गावाबाहेर बागायम इथं दोनशे एकरांवर कॉलेजचं काम सुरू झालं. इडा यांच्या सोबती गर्ट्रूड डॉड स्वतःच्या पैशातून कित्येक गरीब मुलींची फी भरायच्या आणि संस्थेचा पैन्‌पै हिशोब ठेवायच्या.

पासष्टीनंतरची परीक्षा

आता सगळं मार्गी लागलं असं वाटत असतानाच मोठं संकट आलं. १९३७-३८ च्या सुमारास मद्रास सरकारनं ठरवलं की डॉक्टरकीचा डिप्लोमा बंद, यापुढं फक्त विद्यापीठाची पदवी. धोरण चुकीचं नव्हतं. गरिबाला अर्धा डॉक्टर आणि श्रीमंताला पुरा, हे कशाला? पण वेल्लोरची शाळा डिप्लोम्याची होती. पदवीसाठी जास्त खाटा, मोठ्या पदव्या घेतलेले प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि त्यासाठी प्रचंड पैसा लागणार होता. नाहीतर वीस वर्षांची शाळा बंद.

इडा यांचं वय तेव्हा सदुसष्ट. या वयात माणूस ओसरीवर बसून नातवंडं खेळवतो. त्या पुन्हा अमेरिकेला गेल्या. महायुद्ध चालू, जहाजं बुडत होती, लोकांचा पैसा लढाईकडं चाललेला. गावोगाव भाषणं करत, पैसा मागत त्या फिरल्या.

त्यातच आपल्याच माणसांशी भांडण उभं राहिलं. अनेक मिशन संस्था मदतीला तयार होत्या, पण त्यांची अट होती की मुलांनाही प्रवेश द्या. ल्युसी पीबॉडी आणि जुन्या सोबतिणी या विरोधात होत्या. बायकांच्या पैशानं बायकांसाठी बांधलेली संस्था पुरुषांच्या हातात जाईल, ही त्यांची भीती होती. ती भीती काही अगदीच खोटी म्हणता येणार नाही. इडा यांचीही ओढाताण झाली. शेवटी त्यांनी हिशोब केला की मुलींसाठी म्हणून हट्ट धरला आणि कॉलेजच बंद पडलं, तर मुलीही गेल्या. त्यांनी मुलांच्या प्रवेशाला संमती दिली. पीबॉडीबाईंशी जुनं सख्य यात तुटलं.

१९४२ साली एमबीबीएसचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९४७ पासून मुलंही येऊ लागली. १९५० साली विद्यापीठाची कायमची मान्यता मिळाली. १९४६ साली इडा यांनी जबाबदारी सोडली आणि पुढच्या वर्षी डॉ. हिल्डा लाझरस या भारतीय बाईंनी संस्थेची सूत्रं हाती घेतली. देश स्वतंत्र झाला त्या वर्षी वेल्लोरची प्रमुखही इथलीच बाई होती.

म्हातारपणातही इडा यांचा उत्साह कमी झाला नाही. टेनिस हा त्यांचा आवडता खेळ, आणि त्या तरुणांनाही दमवायच्या. बागेतल्या गुलाबांवर त्यांचा जीव होता. २४ मे १९६० ला कोडाईकनाल इथं, वयाच्या एकोणनव्वदाव्या वर्षी त्या वारल्या.

मागं काय राहिलं

त्या एका खोलीचं पुढं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज झालं, ज्याला सगळे सीएमसी म्हणतात. महारोगानं वाकडे झालेले हात सरळ करणारी शस्त्रक्रिया १९४८ साली इथं डॉ. पॉल ब्रँड यांनी सुरू केली. १९७१ साली देशातलं पहिलं यशस्वी किडनी रोपण इथंच झालं. १९७७ साली के. व्ही. कुप्पम भागात खेड्यांसाठी स्वतंत्र केंद्र निघालं. शेल हॉस्पिटलची जुनी जागा आज डोळ्यांच्या दवाखान्यासाठी आहे.

इडा मिशनच्या होत्या, आणि धर्माचा प्रसार हा त्या मिशनचा हेतू होता, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यावर कुणाचं मत काहीही असो. पण दवाखान्याच्या दारात जात-धर्म विचारून कुणाला परत लावलं नाही, हेही तितकंच खरं.

आपल्याकडं आता काळ बदललाय. आशाताई आहे, १०८ ची गाडी आहे, जिल्ह्याला नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आहे. तरी कित्येक तालुक्यांत ग्रामीण रुग्णालयाची इमारत चकचकीत असते आणि बालरोगतज्ज्ञाची जागा रिकामी असते. काचेची पेटी असते, ती चालवणारी नर्स रात्रपाळीला नसते. निवडणूक आली की नव्या इमारतीचं भूमिपूजन होतं, आणि आपणही टाळ्या वाजवून घरी येतो.

इडा यांनी केलेल्या कामाचा क्रम बघा. आधी एक खोली आणि एक खाट. लोकांचा विश्वास बसल्यावर इमारत. इमारतीबरोबर खेड्यात जायची गाडी. मग नर्सची शाळा, मग डॉक्टरांची. चाळीस खाटांची इमारत दोन वर्षांत झाली, पण त्या खाटांजवळ उभं राहणारी माणसं तयार करायला वीस वर्षं लागली. जास्त कष्ट आणि जास्त पैसा तिथंच गेला.

म्हणून आपल्या तालुक्यात लेकरांच्या दवाखान्याची मागणी करताना नुसती इमारत मागून भागणार नाही. मंजूर पदं किती, भरलेली किती, रात्री कोण असतं, नर्स प्रशिक्षित आहेत का, उपकेंद्रावर डॉक्टर कुठल्या वारी येतो, हे प्रश्न ग्रामसभेत आणि रुग्ण कल्याण समितीत विचारता येतात. ही माहिती मागायचा प्रत्येकाला हक्क आहे. बारावीला चांगले मार्क पडलेली गावातली पोरगी नर्सिंगला किंवा मेडिकलला जाते म्हणाली, तर तिला लांब आहे, खर्च आहे म्हणून घरी बसवू नका. पाच-सहा वर्षांनी तालुक्याच्या दवाखान्यात रात्री दोन वाजता कुणाचं तरी लेकरू तिच्याच हातात असेल.